कार्ड कोणतं ते नंतर, आधी स्टेटमेंट काढा

प्रवासासाठी क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं, हे घरातले आणि ओळखीतले बरेच जण मला विचारतात, कारण माझं रोजचं कामच बँकेची स्टेटमेंटं आणि हिशेब जुळवायचं आहे. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: सगळ्यात जास्त पॉइंट्स कोणत्या कार्डावर मिळतात? मला हा प्रश्नच उलट्या टोकाने धरलेला वाटतो. परदेशात कार्ड वापरताना आपल्याकडून काय जातं ते आधी कळायला हवं, काय मिळतं ते नंतर. आणि जे जातं ते जाहिरातीत कुठेच नसतं. ते तुमच्याच जुन्या स्टेटमेंटमध्ये पडलेलं असतं.

मध्यंतरी भाचा आला होता. त्याला नोकरीसाठी अधूनमधून बाहेरच्या देशांत जावं लागतं. खर्च आधी स्वतःच्या कार्डावर करायचा आणि परत आल्यावर कंपनीकडून भरून घ्यायचा, अशी पद्धत. म्हणाला, "मावशी, तीन कार्डं निवडून ठेवलीत. तू फक्त सांग कोणतं घेऊ."

म्हटलं, "कार्डं राहू देत बाजूला. मागच्या दौऱ्याचं स्टेटमेंट काढ."

"अगं, त्यात काय बघायचंय? ते भरून झालं कधीच."

"भरलंस, पण वाचलंस का?"

मग आम्ही ते छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. पुढे जे लिहितेय ते बरंचसं त्या कागदावरच्या ओळींबद्दल आहे. कारण त्यातल्या चार प्रकारच्या ओळी ओळखता आल्या, की कार्ड निवडण्याचं निम्मं काम झालेलं असतं.

पहिली ओळ हॉटेलची. परकीय चलनातली रक्कम, तिचा लागलेला दर, आपल्या चलनात झालेली रक्कम. तिच्या लगेच खाली एक छोटी ओळ: फॉरेन करन्सी ट्रान्झॅक्शन फी. त्याखाली आणखी एक, त्या शुल्कावरच्या कराची. मग मेट्रोचं तिकीट, आणि त्याच्या खाली पुन्हा त्याच दोन ओळी. जेवण, पुन्हा दोन ओळी. एकेक ओळ किरकोळ असते म्हणून नजर तिच्यावरून घसरते. भाच्याला मी फक्त या ओळींखाली रेघ मारायला लावली आणि बेरीज करायला सांगितली. बेरीज झाल्यावर तो गप्प बसला. कारण कंपनी त्याला बिलाची रक्कम देते, बँकेचं हे वरचं शुल्क, म्हणजे मार्कअप, देत नाही. तेवढा भाग दर दौऱ्यात त्याच्या खिशातून जात होता, आणि त्या कार्डाचे पॉइंट्स जमतात म्हणून तो खूश होता.

हे शुल्क लागतं कुठे, ते एकदा नीट समजून घेतलेलं बरं. आपण कार्ड टॅप केलं की दुकानदाराची बँक तो व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे पाठवते. नेटवर्क आपल्या ठरलेल्या दराने ती रक्कम आपल्या चलनात बदलतं आणि आपल्या बँकेकडे धाडतं. हा दर घाऊक बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो, विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीपेक्षा तर कितीतरी चांगला. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. त्यानंतर आपली बँक त्या रकमेवर स्वतःची टक्केवारी चढवते, तो मार्कअप. अमेरिकेतल्या बऱ्याच कार्डांवर तो ३ टक्के असतो. भारतात अनेक कार्डांवर ३.५ टक्के असतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातात येणारा आकडा ४.१३ टक्के. बँकेच्या पत्रकात ३.५ छापलेलं असतं आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

अमेरिकेत एके काळी हे शुल्क चलनाच्या दरातच मिसळून लावलं जायचं, ग्राहकाला वेगळं दिसायचंच नाही. त्यावरून व्हिसा, मास्टरकार्ड आणि मोठ्या बँकांवर सामूहिक दावा झाला आणि २००६ मध्ये ३३ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. आज तिथे क्रेडिट कार्डाच्या अर्जासोबत जो शुल्कांचा तक्ता द्यावा लागतो त्यात हे शुल्क छापावं लागतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते ओळीत दिसायला लागलं म्हणून तर शून्य मार्कअपची कार्डं एकमेकांशी स्पर्धा करू शकली. जे दिसत नाही त्याच्यात कुणी सूट देत नाही.

तुम्हाला तपासून बघायचं असेल तर व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढून देणारं गणकयंत्र आहे. त्यात तारीख, दोन्ही चलनं आणि बँकेची टक्केवारी घालायची जागा असते. स्टेटमेंटमधली एखादी ओळ त्यात घालून बघा. आकडा जवळपास जुळला तर तुमच्या कार्डाचा मार्कअप जेवढा सांगितला तेवढाच आहे. शून्य मार्कअप म्हणून घेतलेल्या कार्डाची ही परीक्षा मी पहिल्या बिलालाच करायला सांगते. काही अ‍ॅपवरची कार्डं आठवड्याच्या मधल्या दिवशी शून्य लावतात आणि शनिवार-रविवारी बाजार बंद असतो म्हणून जादा टक्का घेतात. काही ठिकाणी महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच शून्य असतं. हे नियम-अटींत लिहिलेलं असतं, फक्त मोठ्या अक्षरात नसतं.

आता दुसऱ्या प्रकारची ओळ. तिने भाचा चक्रावला. व्यवहार आपल्याच चलनात, तोही घरी बसून केलेला, हॉटेल आरक्षणाच्या एका संकेतस्थळावर, आणि तरीही खाली शुल्क. "हे चुकून लागलंय, बँकेला फोन करतो," म्हणाला. चुकून नव्हतं. किंमत आपल्या चलनात दाखवली तरी पैसे घेणारी कंपनी, किंवा तिची बँक, दुसऱ्या देशात नोंदलेली असू शकते. बऱ्याच बँका अशा व्यवहाराला परदेशी व्यवहारच धरतात आणि पूर्ण किंवा थोडं कमी शुल्क लावतात. विमान कंपन्यांची तिकिटं, आरक्षणाची संकेतस्थळं, सॉफ्टवेअरची महिन्याची वर्गणी, ऑनलाइन अभ्यासक्रम यांत हे सर्रास घडतं. म्हणून "मी वर्षातून एकदाच बाहेर जातो, मला कशाला असं कार्ड" असं म्हणणाऱ्यांनाही मी आधी स्टेटमेंट चाळायला सांगते. वर्गणीवाल्या ओळी दर महिन्याला येतात.

कार्ड घेताना बँकेला नेमकं विचारायचं ते हे: परकीय चलनावर मार्कअप शून्य आहे, ते कळलं, पण आपल्याच चलनात परदेशी व्यापाऱ्याला पैसे दिले तर काय? दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असू शकतात. उत्तर तोंडी घेऊ नका. शुल्कांच्या पत्रकात ती ओळ कुठे आहे ते दाखवायला सांगा.

तिसरी ओळ मात्र अशी होती की शून्य मार्कअपचं कार्ड असतं तरी ती टळली नसती. एका रेस्टॉरंटचं बिल. परकीय रक्कम रकान्यात नव्हतीच, थेट आपल्या चलनातली रक्कम. गणकयंत्रावर पडताळून पाहिलं तर खूपच जास्त. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. मशीनवर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या. तुमची दाबली की रूपांतर नेटवर्कच्या दराने न होता दुकानदाराच्या बाजूची कंपनी स्वतःच्या दराने करते, आणि त्यातला फायदा ती आणि दुकानदार वाटून घेतात. फरक अनेकदा नेहमीच्या मार्कअपपेक्षाही मोठा असतो. तुमच्या बँकेने शून्य लावलं तरी उपयोग नाही, कारण तिच्यापर्यंत रक्कम पोहोचते तीच फुगलेली.

या पडद्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ त्या दोन-तीन सेकंदांचा असतो. आपल्या ओळखीचं चलन दिसलं की माणसाला बरं वाटतं, बोट तिकडेच जातं. कधी ती रक्कम वर असते, तिच्यापुढे हिरवं बटण असतं, आणि खाली लहान अक्षरात दर आणि टक्का. कधी वेटर मशीन स्वतःच्या हातात ठेवतो, बटण तोच दाबतो आणि मग आपल्यापुढे फक्त पिन टाकायला धरतो. म्हणून कार्ड देतानाच "लोकल करन्सी" एवढे दोन शब्द म्हणायचे. एटीएमवर हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो: रूपांतरासह की रूपांतराशिवाय. तिथे "रूपांतराशिवाय" निवडायचं. घाबरू नका, ते दाबल्याने व्यवहार रद्द होत नाही, रूपांतर फक्त तुमच्या नेटवर्ककडे जातं. हॉटेलवाले तर कधी खोली घेतानाच्या फॉर्मवर ही संमती घेऊन ठेवतात, तेव्हा सही करण्यापूर्वी तेवढी ओळ वाचून खोडायची.

निवड करण्याचा हक्क ग्राहकाचा आहे, हे व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांतच आहे. दुकानदाराला परस्पर ठरवता येत नाही. युरोपीय संघात १९ एप्रिल २०२० पासून आणखी एक बंधन आहे: युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा हे रूपांतर किती टक्के महाग आहे, तो आकडा ग्राहकाला आधी दाखवावा लागतो. आकडा समोर असला की निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. पावतीवर दोन्ही रकमा आणि "मला पर्याय दिला होता" अशा अर्थाचं वाक्य छापून येतं, त्यामुळे नंतर वाद घालणं अवघड जातं. लक्षात आलंच तर तिथून निघण्याआधी व्यवहार रद्द करून तिथल्या चलनात पुन्हा करायला सांगा. बहुतेक ठिकाणी करून देतात.

चौथी ओळ रोख पैशांची. क्रेडिट कार्डावरून एटीएममधून पैसे काढले की रोख उचल धरली जाते: वेगळं शुल्क, शिवाय व्याज त्याच दिवसापासून. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत तिला नसते आणि पॉइंट्सही मिळत नाहीत. शून्य मार्कअप असलेल्या कार्डावरही हे तसंच. रोखीसाठी कमी शुल्काचं डेबिट कार्ड वेगळं ठेवा, याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

एवढं झाल्यावर भाच्याने विचारलं, "म्हणजे पॉइंट्सचा विचारच करायचा नाही का?"

करायचा की. पण आधी त्यांना किंमत लावायची. जाहिरात सांगते, दर शंभराला चार पॉइंट्स. चार म्हणजे किती? एका पॉइंटची किंमत आपल्या चलनाच्या पाव एककाएवढी असेल तर चार पॉइंट्स म्हणजे शंभराला एक, म्हणजे एक टक्का. त्याच कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप असेल तर परदेशातल्या प्रत्येक खर्चावर अडीच टक्के आपणच देतोय. उलट एखाद्या साध्या कार्डावर शंभराला एकच पॉइंट असेल, त्याची किंमत एक असेल आणि मार्कअप शून्य असेल, तर एक टक्का निव्वळ हातात पडतो. भाच्याच्या यादीतलं सगळ्यात दिमाखदार कार्ड या साध्या वजाबाकीतच बाद झालं.

पॉइंटची किंमत काढायची रीतही सोपी आहे. जे तिकीट तुम्ही खरोखर काढणार आहात त्याचा रोखीचा दर घ्या. तेच तिकीट पॉइंट्सवर घेतलं तरी जे कर आणि अधिभार रोख भरावे लागतात ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सने भागा. तो खरा भाव. इथे "खरोखर काढणार आहात" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. बिझनेस क्लासचं अफाट महाग तिकीट समोर ठेवून भाव काढला तर पॉइंट सोन्याचा दिसतो, पण ते तिकीट तुम्ही रोखीने कधीच घेतलं नसतं, तर ती तुमची बचत नव्हे. काही विमान कंपन्या पॉइंट्सच्या तिकिटावर इंधनाचा अधिभार एवढा लावतात की साध्या वर्गाच्या तिकिटात फारसं काही वाचतच नाही. तेही याच भागाकारात कळतं.

आणि हा भाव कायम राहत नाही. विमान कंपन्यांच्या पॉइंट्सना मैल म्हणतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली मैलांची योजना सुरू केली, तेव्हापासून या योजनांचे नियम कंपन्याच ठरवतात आणि कंपन्याच बदलतात. पूर्वी अमुक प्रदेशापासून तमुक प्रदेशापर्यंत अमुक मैल असा तक्ता छापलेला असे. डेल्टाने २०१५ मध्ये आपले असे तक्ते काढून टाकले, नंतर युनायटेडनेही तोच मार्ग धरला. आता तिकिटाला किती मैल लागतील ते त्या त्या दिवशीच कळतं. म्हणून पॉइंट्स साठवून ठेवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. बँकेतल्या पैशाला निदान व्याज तरी मिळतं, पॉइंटला तेही नाही. शिवाय त्याचा भाव ठरवणं दुसऱ्याच्या हातात असतं. जमले, वापरले, विषय संपला.

पॉइंट्सच्या कार्डांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. एकाच विमान कंपनीच्या किंवा हॉटेलसाखळीच्या नावाचं. बँकेचे स्वतःचे पॉइंट्स जे वेगवेगळ्या कंपन्यांकडे वळवता येतात. आणि ज्यात सरळ बिलातून पैसे वजा होतात ते. तुम्ही नेहमी एकाच कंपनीने जात असाल, सामान फुकट नेणं, आधी चढणं अशा सोयी तुम्हाला दरवेळी लागत असतील तर पहिलं चांगलं. दुसरं सगळ्यात लवचीक, पण एकदा वळवलेले पॉइंट्स साधारणपणे परत येत नाहीत. त्यामुळे समोर जागा उपलब्ध आहे हे पाहिल्याशिवाय वळवू नये. तिसरं कुणालाच मिरवण्यासारखं वाटत नाही, आणि बहुसंख्य लोकांना मी तेच सुचवते. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्याने मैलांचे कोष्टक पाठ करण्यात रविवार का घालवावेत?

हे पॉइंट्स येतात कुठून, हेही माहीत असावं. दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे काही टक्के घेतले जातात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. पॉइंट्सचा खर्च बराचसा त्यातून निघतो. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर आणून ठेवलं, म्हणून तिथली कार्डं अमेरिकेतल्या कार्डांसारखे पॉइंट्स वाटू शकत नाहीत. एखाद्या देशातल्या मित्राने "माझं कार्ड बघ काय देतंय" असं दाखवलं तर हा फरक आठवावा. आपल्या बाजारात जी कार्डं मिळतात त्यांचीच एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ आहे.

"प्रवासावर पाचपट पॉइंट्स" अशा वाक्यात प्रवास म्हणजे काय, हे आपण ठरवत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी वर्गवारी क्रमांक असतो आणि बँकेचा संगणक फक्त तो पाहतो. ३००० पासून पुढे मोठ्या विमान कंपन्यांचे स्वतंत्र क्रमांक सुरू होतात, ३५०१ पासून हॉटेलसाखळ्यांचे. इतर राहण्याची ठिकाणं ७०११ मध्ये, ट्रॅव्हल एजन्सी ४७२२ मध्ये, रेस्टॉरंटं ५८१२ मध्ये. त्यामुळे हॉटेलच्या आवारातल्या उपाहारगृहाचं बिल हॉटेल म्हणून नोंदलं जाऊ शकतं, आणि आरक्षणाच्या संकेतस्थळावरून घेतलेली खोली हॉटेल न धरता ट्रॅव्हल एजन्सी धरली जाऊ शकते. आम्ही भाच्याच्या स्टेटमेंटमधल्या खर्चाची अशी विभागणी करून पाहिली. "प्रवास" म्हणून जादा पॉइंट्स मिळतील असं त्याला वाटत होतं त्यातला बराच खर्च जेवण आणि शहरातली ये-जा यांचा निघाला. तिकीट कंपनीच काढते, त्यामुळे विमानावरचे पाचपट पॉइंट्स त्याच्या काहीच कामाचे नव्हते.

वार्षिक फीचा हिशेब दोन ओळींत होतो. वार्षिक फीला आत्ताच्या मार्कअपने भागा: फी ६,००० आणि मार्कअप ३ टक्के असेल तर वर्षाला २,००,००० परदेशी खर्च झाल्यावर फी वसूल होते. त्याच्या खाली असाल तर बिनफीचं शून्य मार्कअप कार्ड शोधा, ते थोडे कमी पॉइंट्स देत असेल तरी. सुरुवातीला मिळणारा भरघोस बोनस या हिशेबात धरू नका. तो एकदाच मिळतो, फी दरवर्षी येते. आणि तो बोनस मिळवायला तीन महिन्यांत अमुक खर्च करायची अट असेल तर त्यासाठी एकही जादा वस्तू विकत घेऊ नये. विमानतळावरच्या लाउंजबद्दलही माझं मत कडक आहे. लांबचं जोडविमान नेहमी पकडावं लागणाऱ्याला त्याची किंमत आहे, बाकीच्यांनी तिथल्या एका जेवणाएवढीच धरावी.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी येते. दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नसेल तर पॉइंट्सचं कोणतंच कार्ड घेऊ नये. थकबाकीवरचं व्याज असल्या सगळ्या बचती एका महिन्यात खाऊन टाकतं. अशा वेळी शून्य मार्कअपचं डेबिट किंवा आधी पैसे भरायचं कार्ड बरं. ज्यांनी मला विचारलं त्यांना मी हे तोंडावर सांगते, कुणाला वाईट वाटलं तरी.

शेवटी प्रश्न उरतो कार्ड तिथे चालेल का. व्हिसा आणि मास्टरकार्ड जवळपास सगळीकडे घेतात. अमेरिकन एक्सप्रेस मोठ्या हॉटेलांत चालतं, लहान दुकानांत अनेकदा नाही म्हणतात. म्हणून दोन कार्डं, दोन वेगळ्या नेटवर्कची, दोन वेगळ्या जागी ठेवलेली. एखादं बँकेच्या सुरक्षा यंत्रणेने अडवलं तर दुसरं असतं. चार आकडी पिन पाठ असावा, कारण रेल्वेच्या तिकीट मशीनवर किंवा पेट्रोल पंपावर सही घेणारं कुणी नसतं. ओटीपी फक्त एसएमएसने येत असेल आणि तुम्ही तिथलं सिम घालणार असाल तर निघण्यापूर्वीच बँकेच्या अ‍ॅपमधून मंजुरी देण्याची सोय सुरू करून घ्या. हॉटेलं आणि गाडी भाड्याने देणारे अनामत म्हणून मोठी रक्कम अडवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा त्या मानाने हवी. लंडनमध्ये बस आणि मेट्रोला कार्ड थेट टॅप करता येतं आणि दिवसाची कमाल मर्यादा आपोआप लागते. मात्र चढताना कार्ड आणि उतरताना फोन असं केलं तर यंत्रणा त्यांना दोन वेगळी कार्डं समजते.

कार्डासोबत मिळणाऱ्या विम्याचाही उल्लेख करायला हवा. तिकीट किंवा गाडीचं पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरलेलं असेल तरच तो साधारणपणे लागू होतो. गाडीच्या विम्यात तर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा विमा नाकारलेला असावा लागतो आणि काही देश, काही प्रकारच्या गाड्या वगळलेल्या असतात. ज्या देशात जायचंय त्याचं नाव त्या यादीत आहे का, तेवढं पाहून घ्यावं.

भाच्याने अखेर त्याच्या तिन्ही कार्डांपैकी एकही घेतलं नाही. बिनफीचं, शून्य मार्कअपचं, बिलातून थेट पैसे वजा करणारं एक साधं कार्ड घेतलं. जुनं पॉइंट्सचं कार्ड घरच्या खर्चासाठी ठेवलं, कारण तिथे मार्कअपचा प्रश्न येत नाही आणि पॉइंट्स निव्वळ मिळतात. परदेशी वर्गण्याही नव्या कार्डावर वळवल्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. पुढच्या दौऱ्यात त्याने एक परतावा मागितला होता, रद्द केलेल्या खोलीचा. तो वेगळ्या दिवसाच्या दराने आला, म्हणून भरलेल्या रकमेपेक्षा थोडा कमी होता. "आता हे कोणतं शुल्क?" असा मेसेज आला. शुल्क नव्हतं, दर बदलला होता. मार्कअप असलेल्या कार्डावर मात्र दर बदलतोच, शिवाय आधी घेतलेलं शुल्क काही बँका परत करत नाहीत. ज्यांची आरक्षणं वारंवार रद्द होतात त्यांनी नवं कार्ड निवडताना बँकेला हाही प्रश्न विचारून ठेवावा.